गिटारच्या अँपला नवं कॅबिनेट: पालघर-बोईसरमध्ये करण्यासारखं एक वेगळं काम



लघुउद्योगाचं नाव काढलं की आपली गाडी पापड, मसाले, कागदी पिशव्या आणि एलईडी बल्ब यांच्यापुढे सरकत नाही. आज असं एक काम बघू जे आपल्या भागात फारसं कुणी हातात घेत नाही, ज्याला लाखांचं यंत्र लागत नाही आणि ज्याचं गिऱ्हाईक वसईपासून डहाणूपर्यंत पसरलेलं आहे. गिटारच्या अँपची चॅसी एका कॅबिनेटमधून काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसवणं, हे ते काम. व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसतं. पण मापं, हिशोब आणि धोके वाचूनच डोक्यात बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी शब्द समजून घ्या. गिटारचा अँप दोन प्रकारे मिळतो. एकात अँप वेगळा आणि स्पीकरची पेटी वेगळी. दुसऱ्यात दोन्ही एकाच पेटीत, त्याला कॉम्बो म्हणतात. कॉम्बोच्या आत पत्र्याची एक लांबट पेटी असते. ट्रान्सफॉर्मर, सर्किट, बटणं, सॉकेट सगळं तिच्यावर बसवलेलं असतं. ती चॅसी. बाहेरची लाकडी पेटी म्हणजे कॅबिनेट, आणि ज्या फळीवर स्पीकर बसतो तिला बॅफल म्हणतात.

आता यातलं आधी काय मरतं? बहुतेक वेळा कॅबिनेट. स्वस्त कॉम्बोची पेटी लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची असते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वसई, अर्नाळा, केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू या सगळ्या पट्ट्यात बारा महिने खारी हवा. बोर्ड कोपऱ्यातून फुगतो, स्क्रू पकड सोडतात, आणि मग कधीतरी टेंपोत खड्ड्यावर आपटून तळ सुटतो. आतली चॅसी मात्र ठणठणीत असते. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ज्याला पेटीच बदलायची आहे: दहा इंची स्पीकरच्या जागी बारा इंची हवा, किंवा विरार-डहाणू लोकलमध्ये चढवता येईल इतकी हलकी पेटी हवी. ही माणसं कोण? वसईच्या चर्चमधल्या गायनवृंदाचे वादक, लग्नाचे बँड, हळदीचे ऑर्केस्ट्रा, नवरात्रातले गरब्याचे ग्रुप, आणि बेंजो पार्ट्या. हो, बेंजोसुद्धा. त्याची तार पिकअपमधून अँपमध्येच जाते, आणि बरेच जण त्यासाठी गिटारचाच कॉम्बो वापरतात.

हा उद्योग काही आपण शोधलेला नाही. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा बासमन हा दहा इंची चार स्पीकरचा कॉम्बो होता. लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या सर्किटवरून आपला अँप बनवला आणि स्पीकरपासून वेगळ्या पेटीत ठेवला. पुढे दोन-तीन वर्षांत तोच अँप त्यांनी पुन्हा दोन स्पीकरच्या कॉम्बोत बसवला. एरिक क्लॅप्टन यांना गाडीच्या डिकीत मावेल असा अँप हवा होता म्हणून तो तयार झाला, असं सांगतात. खरंखोटं काही असो, गरज तीच आहे जी आपल्या बोईसरच्या वादकाची आहे. आवाज हाच हवा, पण पेटी नेता आली पाहिजे.

गिऱ्हाईक पैसे कशाचे देतो?

हे नीट कळलं नाही तर तुम्ही या कामात फर्निचरचा भाव लावाल आणि बुडाल. लाकडी पेटी कुठलाही सुतार बनवून देईल. गिऱ्हाईक खरे पैसे देतो ते एका प्रश्नाच्या उत्तराचे: "शनिवारी मांडवात हा चालेल ना?" पेटी बदलताना चॅसी हलते, वायरी हलतात, अर्थिंगचा बोल्ट सैल होतो, गरम हवेची वाट बदलते. त्यानंतर काही जळलं किंवा कुणाला शॉक बसला तर बोट तुमच्याकडे येणार, आणि ते बरोबरच आहे. म्हणून एकटा सुतार किंवा एकटा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा हे काम करू शकतो असं मला वाटत नाही. दोघांची जोडी हवी. तुम्ही यातले जे कुणी असाल, दुसरा आधी शोधा, मग बोर्ड लावा.

धोका किती आहे तो स्पष्ट सांगतो. जुने आणि महाग अँप व्हॉल्व्हचे असतात. त्यांच्या आत ३०० ते ४५० व्होल्टचा डीसी पुरवठा असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो चार्ज बराच वेळ राहू शकतो. सुतारमित्रांनो, "मी आतल्या सर्किटला हातच लावत नाही" हे उत्तर इथे चालत नाही. फेंडर पद्धतीच्या कॉम्बोत चॅसी वरच्या फळीला उलटी टांगलेली असते आणि तिची उघडी बाजू त्या फळीकडे असते. म्हणजे फळी हेच तिचं झाकण. चार बोल्ट काढून चॅसी बाहेर घेतलीत की सर्किट उघडं तुमच्या बोटांसमोर आलं. त्यामुळे क्रम असा: प्लग काढायचा, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या जोडीदाराने कपॅसिटरचा चार्ज योग्य रेझिस्टर लावून उतरवायचा, मीटरवर व्होल्टेज खाली आलेलं दोघांनी बघायचं, आणि मगच चॅसीला सुताराचा हात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जी सवय असते ती इथे नको. तिने भागही जातो आणि माणूसही जाऊ शकतो.

ट्रान्झिस्टरच्या अँपमध्ये आतलं व्होल्टेज बरंच कमी असतं, पण ट्रान्सफॉर्मरपर्यंत २३० व्होल्ट येतातच. माझा सल्ला विचाराल तर पहिली आठ-दहा कामं फक्त ट्रान्झिस्टरच्या अँपची घ्या. व्हॉल्व्हचं गिऱ्हाईक आलं तर सरळ सांगा, सध्या करत नाही. नाही म्हटल्याने धंदा जात नाही.

काम घेतानाच वाजवून घ्या

अँप दुकानात आला की गिऱ्हाईकासमोर चालू करा आणि त्याच्याच गिटारने वाजवून घ्या. कुठलं बटण खरखरतं, घूं आवाज किती येतो, रिव्हर्ब चालतो का, सगळं जॉबकार्डवर लिहा. सिरीयल नंबर लिहा, चारी बाजूंचे फोटो काढा, गिऱ्हाईकाची सही घ्या. हे केलं नाही तर आधीपासून बिघडलेलं बटण तुमच्या पदरात पडेल. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडून ही शिस्त शिकण्यासारखी आहे. ते स्क्रीन बदलायच्या आधी कॅमेरा, माइक, स्पीकर सगळं तपासून दाखवतात.

मग मापं. बहुतेक जण लांबी-रुंदी-उंची मोजून थांबतात. चॅसीची लांबी मोजा, पण ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हसकट ती खाली किती लोंबते तेही मोजा. बोल्टच्या भोकांचं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत घ्या. बटणांच्या पॅनलचा उतार किती आहे बघा, कारण बऱ्याच कॉम्बोत ते सरळ नसतं, मागे कललेलं असतं. मागच्या बाजूला पॉवरची वायर आणि स्पीकरचा जॅक आत-बाहेर करायला बोटं जातील का ते पाहा. स्पीकरचंही तसंच. बारा इंची स्पीकरची बाहेरची कड साधारण ३०९ मिलिमीटर भरते आणि बॅफलमधलं भोक साधारण २८३ मिलिमीटरचं लागतं. पण कंपनीगणिक दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे होतं, म्हणून हातात असलेला स्पीकर मोजूनच भोक पाडा. त्याची खोली पाच इंचांच्या आसपास असते, आणि मागचा चुंबक नेमका ट्रान्सफॉर्मरच्या समोर येतो. वरवर सगळं मावतं, आणि शेवटच्या बोल्टला ट्रान्सफॉर्मर चुंबकाला अडतो.

यावर स्वस्त उपाय आहे. पुठ्ठ्याची चॅसी बनवा. खऱ्या मापाचा खोका, त्यावर ट्रान्सफॉर्मरच्या आणि व्हॉल्व्हच्या जागी तेवढ्याच उंचीचे पुठ्ठ्याचे ठोकळे. एका मोठ्या पुठ्ठ्यावर नव्या पेटीचा बाजूने दिसणारा छेद खऱ्या आकारात काढा, स्पीकरचा आकार कापून त्यावर ठेवा, आणि मग चॅसी सरकवून बघा. तासाभराचं काम आहे, पण ते प्लायची आख्खी शीट वाचवतं. आणि हा पुठ्ठा टाकू नका. त्यावर मॉडेलचं नाव लिहून भिंतीला टांगा. पुढच्या वेळी त्याच मॉडेलला मोजमाप शून्य. दोन वर्षांत तुमच्या भिंतीवर जे फर्मे जमतील तेच तुमचं खरं भांडवल.

टांगलेली चॅसी, उभी चॅसी

गिऱ्हाईक कधी कधी स्वतःच दुसरी रिकामी पेटी घेऊन येतो आणि म्हणतो, "यात बसवून द्या." इथे आधी एक गोष्ट बघा. त्याची चॅसी टांगून बसणारी आहे की तळावर उभी राहणारी? उभ्या चॅसीला टांगलंत तर पॅनलवरची सगळी अक्षरं उलटी वाचावी लागतील आणि व्हॉल्व्ह डोकं खाली करून लटकतील. टांगण्यासाठी बनवलेल्या अँपमध्ये व्हॉल्व्हला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पकडी असतात. उभ्या चॅसीत त्या असतीलच असं नाही, मग हादऱ्याने व्हॉल्व्ह सॉकेटमधून सुटतो. हे लक्षात आलं तर पेटी नाकारा, नवी बनवायला सांगा.

रिव्हर्बचंही असंच. स्प्रिंग रिव्हर्बची पत्र्याची लांब डबी पेटीच्या तळाला बसवलेली असते. मोठी डबी १७ इंचांच्या जवळपास असते, छोटी साधारण सव्वानऊ इंचांची. पेटी अरुंद करायची म्हटली तर मोठी डबी आडवी बसत नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ नेली तर ती घूं आवाज पकडते. "हलकी आणि छोटी पेटी" मागणाऱ्या गिऱ्हाईकाला हे आधीच समजावून सांगा.

बोल्टची भोकं जुळली नाहीत तर काय? चॅसीला नवं भोक पाडायचं नाही. धातूचा किस सर्किटमध्ये पडतो आणि कुठल्या दोन पायांमध्ये जाऊन बसेल ते सांगता येत नाही. शिवाय गिऱ्हाईकाला पुढे कधी मूळ पेटीत परत जायचं असेल तर? चॅसी आणि लाकूड यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी किंवा एल आकाराचा ब्रॅकेट घाला. आणि इथे बोईसरचा फायदा आहे. तारापूर एमआयडीसीच्या आसपास पत्रा कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंग करणारे आहेत. दोन ब्रॅकेटसाठी कारखानदार मशीन लावणार नाही, त्याचं बरोबर आहे. पण तुम्ही वीस ब्रॅकेटचं एक सामाईक माप ठरवलंत, लांबट खाच असलेलं, म्हणजे बोल्ट मागे-पुढे सरकवता येईल असं, आणि त्याच्या उरलेल्या तुकड्यांतून करायला सांगितलंत, तर बोलणी होऊ शकतात. चहा घेऊन जा आणि त्यांच्या सोयीच्या वेळी जा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. जिथे ब्रॅकेट चॅसीला अर्थिंगसाठी टेकणार असेल तिथे रंग खरवडून उघडा पत्रा करा आणि दातेरी वॉशर घाला. चॅसीवरचा मूळ अर्थिंगचा बोल्ट तर लाकूड बांधायला वापरायचाच नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, बोल्ट सैल होतो, आणि अर्थिंग गेलेलं कुणाला कळतही नाही.

अर्थिंगवर मी एवढा का अडून बसलोय? गिटारच्या तारा वायरमधून अँपच्या चॅसीला जोडलेल्या असतात. वादकाचा हात तारांवर, ओठ माइकजवळ. माइक दुसऱ्या साउंड सिस्टिमचा, बऱ्याचदा वेगळ्या लाइनवरचा. चॅसीत करंट उतरला आणि अर्थिंग तुटलेलं असेल तर तो हातातून ओठांपर्यंत जातो. आणि आपले कार्यक्रम कुठे होतात? ओल्या मैदानात, मांडवात, जनरेटरवर. म्हणून दोन पिनांची वायर असलेला जुना अँप आला तर तीन पिनांची वायर आणि पक्कं अर्थिंग केल्याशिवाय तो दुकानाबाहेर सोडायचा नाही. गिऱ्हाईक म्हणाला "अर्थिंग काढा, घूं आवाज येतो," तर सरळ नकार. घूं आवाजाचं कारण दुसरीकडे शोधायचं.

गरमी आणि ओहम

व्हॉल्व्हचा अँप किती तापतो याचा हिशोब बघा. ईएल ३४ या व्हॉल्व्हच्या नुसत्या फिलामेंटला ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर लागतो, म्हणजे साडेनऊ वॅटच्या आसपास. असे दोन, आणि १२ एएक्स ७ जातीचे छोटे तीन, प्रत्येकी दोन वॅटच्या जवळ. बेरीज २५ वॅट. आपल्या दुरुस्तीवाल्यांचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे एक सूरही न वाजवता, पेटीत एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं झालं. ईएल ३४ ची मुख्य उष्णता तर याहून वेगळी आणि जास्त.

त्यामुळे मागची बाजू पूर्ण बंद करायचा मोह टाळा. जुन्या पेटीत व्हॉल्व्हपासून लाकूड किती लांब होतं, मागे किती मोकळं होतं, ते मोजून ठेवा आणि नव्या पेटीत त्याहून कमी करू नका. मागची पेटी बंद केली की आवाज बदलतो हे खरं, काहींना तो आवडतो, पण तसं करायचं असेल तर स्पीकरचा कप्पा वेगळा आणि चॅसीचा कप्पा वेगळा करून चॅसीच्या मागे जाळीचा पत्रा लावा. टांगलेल्या चॅसीच्या वरच्या फळीला आतून धातूचा पातळ पत्रा किंवा फॉइल असतं. ते बाहेरचा विजेचा गोंगाट अडवतं. नवी पेटी करताना बऱ्याच जणांकडून तेच राहतं, आणि मग ट्यूबलाइट लावली की अँप गुणगुणायला लागतो.

स्पीकर बदलायचा असेल तर ओहम बघा. ट्रान्झिस्टरच्या अँपवर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमीचा स्पीकर लावला तर अँप जास्त करंट ओढतो आणि जळू शकतो. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार होतात, एकामागे एक जोडले की सोळा. व्हॉल्व्हच्या अँपला मात्र सांगितलेलाच ओहम द्यायचा, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो चालूच करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मीटरने आठ ओहमचा स्पीकर मोजलात तर सहा-सात दिसेल. घाबरू नका, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, म्हणून तसं दिसतं.

लाकूड कुठलं

समजा पेटी २४ इंच रुंद, १८ इंच उंच, १० इंच खोल. वरखाली दोन फळ्या, दोन बाजू, बॅफल आणि मागच्या दोन पट्ट्या मिळून साधारण सवादहा चौरस फूट लागतात. आठ बाय चारची शीट ३२ चौरस फुटांची. कागदावर तीन पेट्या निघतात, पण करवतीची जाडी, रेक्झिनसाठी सोडायची जागा आणि उरणारे वेडेवाकडे तुकडे धरले तर दोनच धरा. बॅफल १२ मिलिमीटरचा चालतो, बाकी १८. वजन काढलंत तर १८ मिलिमीटरचं नुसतं लाकूडच दहा किलोच्या पुढे जातं. त्यावर स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मर.

म्हणून हलकी पेटी मागणाऱ्यांसाठी पाइन. जुन्या अमेरिकन कॉम्बोच्या पेट्याही पाइनच्याच असायच्या. आपल्याकडे हे लाकूड भंगारात मिळतं, कारण बाहेरून आलेली यंत्रं पाइनच्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात. पण तारापूर हा रसायनांच्या कारखान्यांचा पट्टा आहे हे विसरू नका. ज्या पॅलेटवर रसायनांचे पिंप ठेवले होते ते लाकूड घ्यायचंच नाही. डाग आणि वास असेल तर स्वस्तात मिळालं तरी नको. निर्यातीच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात एच आणि टी ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे. एम आणि बी असतील तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते बाजूला ठेवा. मिळालेलं लाकूड लगेच कापू नका, आडोशाला थप्पी लावून चांगलं वाळू द्या, आणि कापताना खिळे बघा.

प्लाय घेताना ओलाव्याला टिकणारा घ्या. आयएस ७१० लिहिलेला मरीन प्लाय महाग पडतो, पण किनाऱ्यावरच्या गिऱ्हाईकाला तो विकता येतो. "खाऱ्या हवेत टिकणारी पेटी" ही जाहिरात आपल्या भागात कुणालाही समजते. स्क्रू स्टीलचे, न गंजणारे. रेक्झिन पावसाळ्यात चिकटवायचं तर आधी लाकूड आणि हवा कोरडी हवी, नाहीतर महिन्याभरात कोपरे उचलतात.

आणि लोगो. मूळ पेटीवरचा फेंडर किंवा मार्शलचा लोगो काढून तुमच्या पेटीवर लावायचा नाही. लोगो कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाला परत करा. तुम्ही बनवलेली पेटी दुसऱ्याच्या नावाने विकली जाईल असं काही करणं ट्रेडमार्कच्या कायद्यात अडकवतं. स्वतःच्या नावाची छोटी पट्टी लावा की! पुढचं गिऱ्हाईक त्याच पट्टीवरून येतं.

भाव कसा काढायचा

मोजमाप, कापणं-जोडणं, रेक्झिन, बसवणं आणि तपासणी मिळून पहिल्या कामाला १६ तास धरा. तुमच्या तासाचा दर समजा २०० रुपये, म्हणजे ३,२०० रुपये. साहित्य समजा ३,०००. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या जोडीदाराचे ८००. झाले ७,०००. भाडं, वीज, टेंपो यासाठी दहा टक्के, म्हणजे ७,७००. त्यावर वीस टक्के नफा धरला की ९,२४०. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे भाव घालून स्वतः पुन्हा काढा. नव्या माणसाची गडबड इथे होते: तो ३,००० च्या साहित्यावर हजार रुपये लावतो आणि १६ तास फुकट घालवतो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर स्पीकरचं कापड, कोपरे, जॅक आणायला गेलात तर बोईसरहून आख्खा दिवस जातो. तो दिवसही कुणीतरी भरला पाहिजे. म्हणून पाच पेट्यांचं सामान एकदाच आणा.

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. गिऱ्हाईकाचा अँप जुन्या बाजारात ८,००० ला मिळत असेल आणि तुमचं काम ९,२४० चं असेल तर काय करायचं? मी म्हणेन, त्याला सांगा. फुगलेला तळ बदलून, कोपऱ्यात लाकडी ठोकळे देऊन १,५०० मध्ये काम होत असेल तर ते द्या. तुमचं काम नव्या अँपच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर आधी बोलून घ्यायचं, हा माझा नियम. गावातल्या धंद्यात फसवलेला एक वादक आख्ख्या बँडला घेऊन जातो.

काम सुरू करायला उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सुतारकाम हातावर करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजना बघावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. अटी नीट वाचा, विशेषतः आधी मुद्रा किंवा तसं दुसरं सरकारी कर्ज घेतलं असेल तर. जीएसटीसाठी ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना. आपल्या कामात सेवा मिसळलेली आहे, तेव्हा उलाढालीची २० लाखांचीच मर्यादा डोळ्यासमोर ठेवा.

हंगामाचंही गणित आहे. गणपती, नवरात्र, मग नाताळ आणि लग्नसराई. या दिवसांच्या आठ दिवस आधी सगळे एकदम येतील. जून-जुलैत, आषाढात, वादक मोकळे असतात. त्यांना तेव्हाच फोन करा, थोडी सवलत द्या. फक्त रेक्झिनचं काम कोरड्या खोलीत करा आणि हाताशी जास्तीचे दिवस ठेवा.

माल देताना पेटी गिऱ्हाईकासमोर चालू करा. आधी कमी आवाजात दहा मिनिटं, मग गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवून आवाज हळूहळू वाढवायचा. कुठे फळी किंवा बोल्ट खडखडला तर तिथेच कळतो. अर्ध्या तासाने व्हॉल्व्हच्या वरच्या-मागच्या लाकडाजवळ हात नेऊन ते किती तापलंय बघा. मग बंद करून प्लग काढा आणि मीटरने प्लगच्या अर्थच्या पिनेपासून चॅसीपर्यंत जोड आहे ना हे दाखवा. तो आकडा जॉबकार्डवर लिहा. वॉरंटी पेटीची आणि बसवणुकीची द्या, आतल्या जुन्या सर्किटची नाही, आणि तसं बिलावर मराठीत स्पष्ट लिहा. पंधरा दिवसांनी, त्याचा एखादा कार्यक्रम झाल्यावर, बोलावून घ्या आणि सगळे बोल्ट एकदा फुकट आवळून द्या. नवं लाकूड पहिल्या काही दिवसांत बसतं, तेव्हाच ते सैल होतात.